डेअरीच्या कॅनमधला नायट्रोजन चामखिळीला लावून घ्यावा का?

खानापूरची आई (प्रश्न)

नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर. माझ्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. आता श्रावण चाललाय, म्हणजे हातात चार महिने आहेत. मुलगी २३ वर्षांची. खानापुरात एका टेलरिंगच्या दुकानात ब्लाउज शिवते.

गेल्या वर्षी रोपलावणीच्या दिवसांत तिच्या उजव्या अंगठ्याला, नखाच्या अगदी कडेला, एक चामखीळ आली. आधी मोहरीएवढी होती, आता तुरीच्या दाण्याएवढी झालीय. त्यानंतर त्याच हातावर मागच्या बाजूला दोन आल्या. यंदा लावणी संपता संपता डाव्या तळपायाला टाचेच्या पुढे एक कडक गाठ आलीय. आम्ही तिला कुरूप म्हणतोय, पण मुलगी म्हणते की हेही हातासारखंच दिसतंय.

लसूण ठेचून पंधरा दिवस बांधला. आजूबाजूची कातडी भाजली, चामखीळ आहे तिथेच. शेजारच्या आजींनी बिब्बा घालायला सांगितला, तो मी घालू दिला नाही. लहानपणी माझ्या आत्याचा हात बिब्ब्याने कोपरापर्यंत सुजलेला मी बघितलाय.

आता खरा प्रश्न. माझे धाकटे दीर दूध डेअरीकडून गाई भरवायचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं, काम करतात. त्यांच्याकडे बीज गोठवून ठेवायचा तो पातळ नायट्रोजनचा कॅन असतो. ते म्हणतात, "वैनी, बेळगावचे डॉक्टर हेच वापरतात. कापूस बुडवून दहा सेकंद लावला की काम झालं. पैसे कशाला घालवता?" सासूबाईंच्याही पायाला एक काळपट जाड चट्टा झालाय, त्यांना साखर आहे. भावजी म्हणतात, रविवारी दोघींचं एकदम करून टाकतो.

त्यांच्या मनात वाईट काही नाही. घरासाठी ते रात्री-अपरात्री धावतात. पण माझं मन होत नाही. डॉक्टरकडचा नायट्रोजन आणि डेअरीतला नायट्रोजन एकच का? दुसरं, माझ्या माहेरी एका मुलीच्या हातावर असंच बर्फाने जाळलं होतं, तिथे पांढरा डाग राहिला. लोक कोड म्हणून कुजबुजायला लागले. लग्न तोंडावर आहे, त्यामुळे मला त्याचीच धास्ती वाटते. बेळगावला जायचं तर तिचा दिवस मोडतो. किती वेळा जावं लागतं? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी कृपा करून सविस्तर लिहा.

---

शहापूर, बेळगाव

बिब्ब्याला नाही म्हणालात ते फार बरं केलंत. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावायचा प्रकारही कुणी सांगेल, तोही करू नका. माझ्या मानेवर आईने तो लावला होता. चामखीळ गेली, पण चुना ओघळला त्या रेषेत व्रण राहिला. शाळेत असताना केस मोकळे सोडून तो झाकायची. आज माझं वय ४४, व्रण अजून आहे. आपल्याकडे काजूच्या टरफलाचं तेलही लावतात. ते बिब्ब्याचंच भावंड, तसंच भाजतं.

नायट्रोजनचं मला माहीत नाही. जाणकारांनी सांगावं.

---

कॅनवाला, चिकोडी

ताई, तुमच्या भावजींच्या जागी मी एकदा होतो. म्हणून ते आधी लिहितो, बाकीचं मागाहून.

मी चिकोडी भागात १९ वर्षं कृत्रिम रेतनाचं काम करतो. कामाला लागून तिसरं वर्ष असेल. एका वस्तीवर गाय भरवून हात धूत होतो, तेवढ्यात मालकाने आपल्या पोराला पुढं केलं. पोरगं अकरा वर्षांचं, पाचवीतलं. तर्जनीच्या कडेला, मधल्या पेराजवळ एक चामखीळ. "डॉक्टर, बेळगावात हेच लावतात म्हणे, लावा की." लोक आम्हाला डॉक्टर म्हणतात आणि ते ऐकायला बरं वाटतं. मी कॅनचं झाकण काढलं, खराट्याच्या काडीला कापूस गुंडाळून आत बुडवला आणि पोराच्या बोटाला दाबून धरला. मनात तीस आकडे मोजले. तीस का, ते मला माहीत नव्हतं. जास्त धरलं तर पक्कं जाईल, एवढंच डोक्यात होतं.

पोरगं आधी हसत होतं, मग ओठ चावून उभं राहिलं. रडलं नाही. संध्याकाळी त्याच्या बापाचा फोन आला की बोट बोराएवढं फुगलंय आणि आत काळं रक्त आहे. फोड महिन्याभराने बरा झाला, पण बोटाच्या टोकाला त्या कडेने काही कळेना. गरम चहाचा पेला धरला तर अर्ध्या बोटाला चटका बसायचा, अर्ध्याला नाही. उन्हाळा लागेपर्यंत ते तसंच होतं. बोटाच्या दोन्ही कडांनी नस जाते आणि ती कातडीच्या अगदी खाली असते, हे मला मागाहून कळलं. चामखीळ काही गेली नाही, व्रणाच्या कडेने पुन्हा गोल उगवली. आज तो पोरगा जवान झालाय. त्याच्या गोठ्यात गेलो की चहा तोच आणून देतो, आणि कप घेताना माझी नजर त्या पांढऱ्या ठिपक्यावर जाते. घरच्यांनी मला कधी शब्दानं बोललं नाही. म्हणून मी हे लिहितोय.

आता तुमचा प्रश्न. नायट्रोजन एकच. डेअरीचा असो नाहीतर दवाखान्याचा, उणे १९६ अंशाला उकळतो. भावजी म्हणतात त्यात एवढं खरं आहे. पण कॅन फक्त थंडी देतो, माप देत नाही. किती लावायचं, कुठे थांबायचं, कातडी कुठे पातळ आहे, खाली नस आहे का हाड, हे कॅनला माहीत नसतं आणि मलाही नव्हतं.

ज्यांनी तो नायट्रोजन हाताळलाय त्यांच्यासाठी एक गोष्ट. गोठ्यात कॅन उघडला की धूर वर जात नाही, कॅनच्या अंगावरून खाली पायांवर उतरतो. एखादा थेंब फरशीवर सांडला तर तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तसा पळतो. हातावर पडला तरी घरंगळून जातो, कारण थेंबाखाली त्याच्याच वाफेचा पदर असतो. त्यामुळे आमच्या माणसांना वाटतं की याने काही होत नाही. कापसाचं तसं नाही. कापूस तो थेंब धरून ठेवतो आणि कातडीला चिकटून बसतो. कापडी हातमोजा भिजला तरी तेच होतं.

दुसरी गोष्ट मला माझ्याच धंद्याने शिकवली. बैलाचं बीज भरलेल्या आमच्या बारीक नळ्या, म्हणजे कांड्या, त्या नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं राहतात. बाहेर काढून ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद धरली की आतलं बीज पुन्हा पोहायला लागतं. मग त्याच थंडीत माणसाची कातडी का मरते? तर बीज गोठवण्याआधी त्यात अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल असलेलं द्रावण घालतात आणि मापानं थंड करतात. ग्लिसरॉलचा हा गुण इंग्लंडमधल्या संशोधकांना १९४९ साली सापडला, त्यावरच आमचा सगळा धंदा उभा आहे. चामखिळीत ग्लिसरॉल नसतं. तिथल्या पेशींत पाण्याचे बर्फाचे काटे होतात, पेशी फाटतात, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. तेच तर डॉक्टरला हवं असतं. पण चामखिळीचा जो वायरस आहे तो या थंडीत मरत नाही. बीज टिकतं तिथे वायरसही टिकतो. म्हणून एकीच्या चामखिळीला लावलेला कापूस परत कॅनमध्ये बुडवला आणि मग दुसऱ्याला लावला, तर रोग वाटला. शिवाय त्याच कॅनमध्ये गावच्या गाईंच्या कांड्या आहेत. भावजींना हे एवढंच वाचून दाखवा. ते कामाचे माणूस दिसतात, त्यांना पटेल.

आता डॉक्टरकडचं कसं असतं ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्याच तळपायाला दोन झाल्या. मीही कुरूप समजून गमबुटाला दोष देत होतो. बेळगावच्या त्वचेच्या डॉक्टरांनी आधी वरून दाबलं, मग दोन बोटांच्या चिमटीत धरून कडेनं दाबलं. कडेनं दाबल्यावर मी पाय ओढून घेतला. ते म्हणाले, कुरूप वरून दाबल्यावर जास्त दुखतं, चामखीळ चिमटीत दुखते. मग ब्लेडने वरची मेलेली कातडी तासली. आत तिळासारखे चार-पाच काळे ठिपके दिसले. ते गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचे. कुरपात असले ठिपके नसतात, आणि तळव्याच्या रेघा त्यावरून सरळ जातात. चामखिळीवर रेघा तुटतात. हे बघितल्याशिवाय त्यांनी त्या स्टीलच्या डब्याला हातही लावला नाही.

त्यांच्याकडे थर्मासएवढी स्प्रे गन होती, पुढे बारीक भोकाची नळी. एखाद-दीड सेंटिमीटरवरून फवारा मारला. चामखीळ पांढरी झाली, तिच्याभोवती एक-दोन मिलिमीटर पांढरी कड आली, तिथून पुढे त्यांनी दहा सेकंद मोजले आणि थांबले. मग नुसते बसले. मी विचारलं, झालं का? म्हणाले, हळूहळू वितळू दे. पटकन गोठणं आणि सावकाश वितळणं, पेशी त्यानेच मरतात. पुन्हा गुलाबी व्हायला दीडेक मिनिट लागलं असेल. मग दुसऱ्यांदा मारलं. पहिल्या फवाऱ्याला गार लागलं, मग डंख मारल्यासारखं जळजळलं, संध्याकाळपर्यंत ठणकत होतं. दुसऱ्या दिवशी गाडीला किक मारून तीन गाई केल्या, पण टाच टेकवून चालत होतो.

दर तीन आठवड्यांनी, असं चारदा गेलो. एक दुसऱ्याच वेळेला गेली, दुसरीने चौथ्यापर्यंत दम काढला.

अजून एक, भावजींसाठी. कॅन बंद खोलीत किंवा काचा चढवलेल्या गाडीत ठेवू नका म्हणावं, आणि त्याचं झाकण कधी घट्ट करू नये. एक लिटर नायट्रोजनचे सुमारे ७०० लिटर वायू होतात. ते खोलीतला प्राणवायू हटवतात आणि त्याला वास नसतो.

---

निवृत्त सिस्टर, टिळकवाडी

कॅनवाल्या दादांनी लिहिलं त्यात दुरुस्त करण्यासारखं मला काही दिसत नाही. आपली चूक अशी उघड लिहिणारं माणूस विरळा.

मी ३१ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली शेवटची ९ त्वचा विभागात. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही. डोळ्यांसमोरून जे गेलं ते सांगते.

आधी सासूबाई. त्यांना रविवारी काहीही लावू देऊ नका. साखरेच्या माणसाच्या पायाची जाणीव कमी झालेली असते, रक्तपुरवठाही कमी असतो. फोड आला तरी कळत नाही आणि मग जखम भरत नाही. मेडिकलमध्ये मिळणारे कुरपाचे पॅचसुद्धा त्यांना नको, त्यातही ॲसिड असतं. आणि काळपट चट्टा आहे म्हणालात, तो डॉक्टरच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय त्याला कुणीच हात लावायचा नाही. त्यांना मुलीच्या आधी न्या, मुलीचं महिनाभर मागे गेलं तरी चालेल.

आता पांढऱ्या डागाचं, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय आणि त्यात तुमचं काही चूक नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी थंडीला सगळ्यात नाजूक असतात. उणे चार-पाच अंशांनाच त्या मरायला लागतात. कातडीच्या बाकीच्या पेशींना उणे वीस-तीस लागतात आणि व्रण भरून काढणाऱ्या खालच्या पेशी त्याहून चिवट. म्हणूनच नीट केलं तर खड्डा किंवा गाठ सहसा राहत नाही, पण रंग जातो. गोऱ्या माणसावर तो डाग दिसत नाही, आपल्या सावळ्या कातडीवर उठून दिसतो. कडेच्या पेशी हळूहळू आत सरकून रंग परत आणतात, त्याला काही महिने लागतात. फवारा फार वेळ मारला असेल तर डाग कायमचाही राहतो. कधी उलटं होतं, कड काळवंडते. तीही बहुतेक वेळा सावकाश उतरते.

हा डाग म्हणजे कोड नव्हे. बर्फ लागला तेवढ्याच जागी, चामखिळीच्या आकाराचा असतो आणि पुढे सरकत नाही. पण अंगावर किंवा घराण्यात कोड असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण अशा माणसाला जिथे इजा होते तिथे नवा डाग उठू शकतो. आणि एक पोटतिडकीने सांगते. कोड लागण होणारं नाही. चामखीळ लागण होणारी आहे. आपल्याकडे लोक कोडाला भितात आणि चामखिळीच्या हाताने सगळ्यांचा एकच टॉवेल वापरतात.

लग्नाला चार महिने आहेत म्हणून मी असं बोलेन: हाताच्या मागच्या दोन्हींसाठी घाई करून फवारा मारून घेण्याची गरज नाही. सॅलिसिलिक ॲसिडचं पातळ औषध मिळतं, त्यात लॅक्टिक ॲसिडही असतं, वाळलं की वर पापुद्रा धरतं. ते डॉक्टरांना विचारून सुरू करा. रात्री पाच मिनिटं कोमट पाण्यात हात, मग मऊ झालेली कातडी हलक्या हाताने घासायची. त्यासाठी वेगळा दगड, तो घरात दुसऱ्या कुणी वापरायचा नाही. मग कडेच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन आणि फक्त चामखिळीवर औषधाचा थेंब. हे बारा आठवडे न चुकता करायचं. लोक दोन आठवड्यांत सोडतात आणि औषधाला नावं ठेवतात. तोंडाला मात्र हे कधीही लावायचं नाही.

गोठवणं याहून फार भारी आहे असा लोकांचा समज असतो. तळपायाच्या चामखिळींवर ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झाला, तो २०११ साली छापून आला. त्यात सॅलिसिलिक आणि नायट्रोजन, दोन्ही गटांत बारा आठवड्यांनी शंभरातले चौदाच पूर्ण बरे झाले होते. म्हणजे पाय दोन्ही उपायांना दाद देत नाही, धीर धरावा लागतो. लहान मुलांच्या निम्म्याहून जास्त चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात, पण लग्नाच्या मुलीला ते ऐकवून उपयोग नाही हे मला कळतं.

अंगठ्याची नखाच्या कडेची मात्र सगळ्यात अवघड. नख जिथून उगवतं ती जागा गोठली तर नख कायमचं वाकडं येतं. तिथे हात कुणाचा आहे याला फार महत्त्व आहे. तुमची मुलगी टेलर आहे. दोरा दाताने तोडते का, अंगठ्याजवळची कातडी कुरतडते का, सुईने टोचते का, बघा. ओल्या, फुगलेल्या कातडीतून हा वायरस आत जातो, म्हणून लावणीत आली. आणि कुरतडून तो बोटाबोटांवर फिरतो.

फवारा मारायचा ठरलाच तर अंगठ्या आणि बांगड्या घरीच काढून जायचं. बोट सुजल्यावर अंगठी कापायची वेळ येते. फोड काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी येतो. रक्ताचा असला तरी घाबरू नका. फोडायचा नाही. पाण्याने धुतलेलं चालतं, वर व्हॅसलीन आणि साधी पट्टी. हळद, तंबाखूची पूड, राख यातलं काही नको. पू, ताप, किंवा वर चढणारी लाली दिसली तर परत दाखवा. खपली दोन-तीन आठवड्यांत पडते, पायाला जास्त लागतात. थंडीने अंगावर गांधी उठणाऱ्यांनी, किंवा गारठ्यात बोटं पांढरी-निळी पडणाऱ्यांनी हे आधी सांगायचं.

बिम्सला, म्हणजे आपल्या सिव्हिलला, त्वचेची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा. फॉर्मवरचं कन्नड-इंग्रजी कळलं नाही तर तिथल्याच कुणाला वाचून दाखवायला सांगा, त्यात लाज नाही. कन्नडमध्ये चामखिळीला नरहुली म्हणतात. एवढा शब्द लक्षात ठेवलात तरी चिठ्ठीच्या खिडकीवर काम होतं.

---

निपाणीकर

सिस्टरांनी काळ्या चट्ट्याचं लिहिलं म्हणून राहवलं नाही.

माझे काका तंबाखूच्या वखारीत होते. टाचेला काळा डाग होता, नाण्याएवढा, कडा वेड्यावाकड्या. सगळे कुरूपच म्हणायचे. एकाने तासला, एकाने बिब्बा घातला, एका ठिकाणी जाळलाही. कुणीही त्यातला तुकडा काढून तपासायला पाठवला नाही. वर्ष असंच गेलं. शेवटी कोल्हापुरात तपासणी झाली तेव्हा तो त्वचेचा कॅन्सर निघाला आणि जांघेत गाठ आलेली होती. आपल्या लोकांत हा प्रकार तळपायाला, तळहाताला, नखाखाली जास्त होतो, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. डाग जाळला की वरचं दिसेनासं होतं, खालचं वाढत राहतं आणि तपासायला काही उरत नाही.

तुमच्या सासूबाईंचं असलंच काही आहे असं मी मुळीच म्हणत नाही. साधा घट्टा असेल. पण न्या.

---

खानापूरची आई

सगळ्यांचे आभार. सहा आठवड्यांनी लिहितेय. मध्ये गणपती, मग पितृपंधरवडा, लिहायला वेळ झाला नाही.

रविवारी भावजी कॅन घेऊन अंगणात आले तेव्हा मी फोन त्यांच्या हातात दिला आणि चुलीकडे गेले. चिकोडीच्या दादांचं त्यांनी उभ्यानेच वाचलं, मग कट्ट्यावर बसून परत वाचलं. काही बोलले नाहीत. कॅन उचलून गोठ्याकडे ठेवून आले आणि म्हणाले, "वैनी, मी पण एकाला लावलाय." कुणाला ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी जाऊन आले. मुलाचं बोट बरं आहे म्हणे, पण नख अजून वाकडं येतंय. त्याला डॉक्टरकडे घेऊन जायचं त्यांनी कबूल केलंय.

आम्ही तिघी बेळगावला गेलो. बायकांना बस फुकट आहे, त्यामुळे तिकिटाचा प्रश्न नव्हता, फक्त आधार कार्ड जवळ ठेवलं. सासूबाईंना आधी दाखवलं. डॉक्टरांनी भिंगासारखं दिवा असलेलं यंत्र लावून बराच वेळ बघितलं. चपलेच्या अंगठ्याने झालेला घट्टा आहे, आत थोडं रक्त साकळलंय म्हणून काळं दिसतं, असं म्हणाले. फोटो काढून ठेवलाय आणि महिन्याने परत बोलावलंय. पण पायाला दोरा लावून बघितला तेव्हा सासूबाईंना तीन ठिकाणी कळलंच नाही. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आता घरातही चप्पल घालतात, रोज रात्री मी तळवे बघते.

मुलीच्या हाताच्या मागच्या दोघींना पातळ औषध दिलं. पायाचं चिमटीत दाबल्यावर ती ओरडली, म्हणजे चामखीळच. तासल्यावर काळे ठिपके दिसले, अगदी दादांनी लिहिले तसे. पायाला फवारा मारला, दोनदा झालंय. डाग राहिला तरी तळपाय कोण बघतंय, असं ती स्वतःच म्हणाली. पहिल्या वेळी रक्ताचा फोड आला तेव्हा माझे हात कापायला लागले होते. सिस्टरांनी आधीच लिहिलं होतं म्हणून सुई हातात घेतली नाही. अंगठ्याच्या चामखिळीला डॉक्टरांनी अजून फवारा मारलेला नाही, औषधच चालू आहे. आणि हो, दोरा ती दातानेच तोडायची. आता गळ्यात छोटी कात्री अडकवून बसते.

काल रात्री दिव्याखाली तिचा हात धरून बघितला. मागच्या दोघींपैकी लहान होती ती सपाट झालीय आणि कातडीच्या बारीक रेघा त्यावरून सरळ पलीकडे गेल्यात. मोठी अर्ध्यावर आलीय. अंगठ्याची आहे तेवढीच आहे. सिस्टर, बारा आठवड्यांत ती बसली नाही तर लग्नाआधी आणखी काही करून घ्यावं, की लग्न होऊ द्यावं?

---

निवृत्त सिस्टर, टिळकवाडी

लग्न होऊ द्या. हळदीच्या दिवशी त्या अंगठ्याला छोटी पट्टी लावा, म्हणजे हळदीचं बोट सगळ्यांच्या भांड्यात फिरणार नाही. नखाची जागा आहे, तिथे तारीख गाठायला म्हणून काही करू नका. आणि सासरच्यांना चामखीळ आहे, औषध चालू आहे, असं तुम्हीच आधी सांगून टाका. सासूबाईंच्या महिन्याच्या तारखेला मात्र चुकू नका.